घराची वाढलेली किंमत कुणाची?

व्यापारी मंडळी एकत्र बसली की बोलणे सुताच्या भावावरून सुरू होते आणि जागेच्या भावावर येऊन थांबते. अमक्याने वीस वर्षांपूर्वी घर इतक्याला घेतले, आज त्याचे इतके येतात, असे हिशेब मोठ्या कौतुकाने मांडले जातात. पण ज्या घरावर कर्ज आहे, ज्याचा कागद दुसऱ्याच्या तिजोरीत आहे किंवा ज्यात भावाचे, मेहुण्याचे पैसे गुंतले आहेत, त्या घराची किंमत वाढली तर ती वाढ कुणाच्या पदरात पडते, हे फारसे कुणी विचारत नाही. आमच्या मते याचा निकाल घर घेण्याच्या दिवशीच, जो कागद होतो त्यावर लागलेला असतो. म्हणून आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांसमोर हा विषय थोडा विस्ताराने मांडत आहोत.

जागेचे भाव का वाढतात?

कोल्हापूरचेच उदाहरण घेऊ. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली. तेव्हा गावाबाहेर असलेली ही जागा गुळाच्या व्यापाराने शहराचे नाक बनली. गांधीनगरची हकिकत तर कापडवाल्यांना जवळची आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८ या काळात, वळिवडे येथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. फाळणीनंतर तेथे सिंधी बांधव आले, त्यांनी बरॅकींच्या जागी दुकाने थाटली आणि आज ती घाऊक कापडाची मोठी पेठ आहे. जागा तीच, माती तीच. भोवती व्यापार आला, रस्ता आला, माणसे आली, म्हणून भाव आला.

कोल्हापूर १९७२ साली महानगरपालिका झाली. त्यानंतर कित्येक दशके हद्दवाढीची फक्त चर्चाच होत राहिली. आत जागा कमी आणि मागणी जास्त, त्यामुळे पाचगाव, उचगाव, कळंबा या बाजूंना घरे पसरली आणि तेथील शेतजमिनींचेही गुंठ्यावर भाव होऊ लागले.

पण सगळीच घरे सारखी वाढत नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि जुलै २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले आणि बाजारपेठेतल्या गोदामांतही शिरले. पुराच्या निळ्या रेषेच्या आतली जागा आणि बाहेरची जागा यांत आता घेणारा माणूस फरक करतो. तीच गोष्ट गुंठेवारीची. राज्यात २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला आणि २०२१ साली त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू करण्यात आली. ज्यांनी पैसे भरून जागा नियमित करून घेतली, त्यांच्या घराला बाजारभाव मिळतो आणि बँकही दारात उभी राहते. ज्यांचे घर अजून नुसत्या साठेखतावर किंवा स्टॅम्प पेपरवर आहे, त्यांना अडचणीत खासगी सावकाराशिवाय वाट उरत नाही. म्हणजे घराची किंमत जितकी विटांमध्ये असते तितकीच ती कागदात असते.

वाढ आणि बचत यांची शर्यत

आपल्या समाजात अनेक दीनदार कुटुंबे व्याज नको म्हणून रोखीने घर घेण्यासाठी थांबतात. हा निर्धार आदरास पात्र आहे. परंतु हिशेबाशिवाय थांबणे महागात पडते. समजा, घर २५ लाखांचे आहे आणि भाव वर्षाला ५ टक्क्यांनी वाढतो आहे. म्हणजे पहिल्या वर्षात ते सव्वा लाखाने महाग झाले. आता ज्याची वर्षाची बचत ऐंशी हजार आहे, त्याच्यापासून ते घर दर वर्षी आणखी लांब जाते. उलट ज्याची बचत दोन लाख आहे, तो निदान सुरुवातीची काही वर्षे हळूहळू जवळ येतो. प्रत्येकाने आपली वर्षाची बचत आणि हव्या त्या घराची वर्षाची वाढ शेजारी शेजारी लिहून पाहावी. बचत कमी पडत असेल तर घर लहान करावे, बाजू बदलावी, किंवा आधी नियमित प्लॉट घेऊन मागाहून एकेक खोली बांधावी. आपले जुने कारागीर असेच करत आले. भिशीचा नंबर लागला की पाया, पुढच्या भिशीला भिंती. त्यात घर उशिरा पूर्ण होते, पण जागेचा भाव पहिल्या दिवशीच गोठतो.

बँकेच्या कर्जाचा हिशेब

व्याज हे रिबा आहे आणि रिबा हराम आहे, याबद्दल आम्ही वेगळे काही सांगण्याची गरज नाही. युरोपच्या फतवा व संशोधन परिषदेने १९९९ साली तिकडच्या मुसलमानांना राहण्याच्या एका घरापुरती, दुसरा मार्ग नसेल तर, गरज म्हणून सवलत दिली. त्यावरही उलमांमध्ये मतभेद झाले. आपल्याकडे रघुराम राजन समितीने २००८ साली बिनव्याजी बँकिंगचा मार्ग खुला करण्याची शिफारस केली होती. पण २०१७ साली रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरवल्याचे माहिती अधिकारातून उघड झाले. आपल्या परिस्थितीत काय करावे हे ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमला विचारावे. आम्ही व्यापारी आहोत, आम्ही फक्त आकडे मांडतो.

समजा, २५ लाखांच्या घराला ५ लाख पदरचे आणि २० लाख बँकेचे, दर ९ टक्के, मुदत २० वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे १८ हजार बसतो. पहिल्या वर्षात सुमारे २ लाख १६ हजार भरले जातात. त्यातले मुद्दलात जातात फक्त साडेसदतीस हजारांच्या आसपास. दहा वर्षे इमानाने हप्ते भरल्यावरही १४ लाख २० हजारांच्या जवळपास देणे शिल्लकच असते. वीस वर्षांत बँकेला सुमारे ४३ लाख २० हजार जातात, पदरचे ५ लाख धरून ४८ लाख २० हजार.

भाव ५ टक्क्यांनी वाढत गेला तर वीस वर्षांनी ते घर ६६ लाखांचे होईल. तीनच टक्क्यांनी वाढला तर ४५ लाखांचे, म्हणजे भरलेल्या पैशांपेक्षाही कमी. कर्जाचा आकडा मात्र दोन्ही वेळा तोच. बँक वाढीत वाटा मागत नाही हे खरे, पण घटीतही वाटा उचलत नाही. भाव पडला, दुकान बसले, पूर आला, तरी हप्ता ठरल्या तारखेला हवाच. २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार खाते थकीत झाले की बँक ६० दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात दावा न करता घराचा ताबा घेण्याची कारवाई करू शकते, आणि लिलावात घराला बाजारभाव क्वचितच येतो. वाढलेली किंमत अशा वेळी डोळ्यांदेखत वितळते.

वाढ ही हातात आलेली रोकड नव्हे, हेही लक्षात ठेवावे. घर विकल्याशिवाय ती मिळत नाही, आणि विकले तर राहायला दुसरे घर त्याच चढ्या भावाने घ्यावे लागते. शिवाय विक्रीवर कर आहे. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के दर लागू झाला. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या घर-जमिनीला महागाईचा निर्देशांक धरून वीस टक्क्यांचा जुना हिशेब करण्याची सोय वैयक्तिक करदात्याला ठेवलेली आहे. जकातीच्या बाबतीत मात्र राहत्या घराच्या वाढलेल्या किमतीवर काही देणे लागत नाही. पण पुढे विकून नफा कमवायचा या नियतीने घेतलेला प्लॉट हा व्यापाराचा माल ठरतो आणि त्याची जकात दर वर्षी चालू बाजारभावाने काढावी लागते. भाव वाढला तर जकातही वाढते, याचा अनेकांना विसर पडतो.

गहाण कोणते?

आता मुख्य मुद्द्यावर येऊ. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ सालचा आहे. त्यातले तीन प्रकार आपल्याकडे रोजच्या व्यवहारात भेटतात.

पहिले नजरगहाण. घराचा ताबा आपल्याकडेच, कर्ज देणाऱ्याचा फक्त बोजा. कर्ज फेडले की बोजा उतरतो आणि सगळी वाढ मालकाची राहते.

दुसरे ताबेगहाण. पैसे देणारा घरात राहतो किंवा त्याचे भाडे खातो, आणि पैसे परत मिळाले की घर सोडतो. मुंबई-भिवंडीकडे ‘हेवी डिपॉझिट’ म्हणतात तो व्यवहारही याच्याच जवळचा. वाढ येथेही मालकाचीच राहते. पण कर्जाच्या बदल्यात फुकट राहणे हा कर्जावर घेतलेला फायदा आहे आणि बहुतेक उलमा त्याला व्याजाच्याच रांगेत बसवतात. त्यापेक्षा घराचे रास्त भाडे ठरवून ते दर महिन्याला कर्जातून वजा करत जावे, म्हणजे राहणाऱ्याची सोय होते आणि मालकाचे कर्जही उतरते.

तिसरी मुदतखरेदी, आणि खरा धोका येथे आहे. कागद खरेदीचा, पण अमुक मुदतीत पैसे परत केले तर घर परत, अशी अट. ही अट त्याच दस्तात लिहिलेली असेल तरच कायदा त्याला गहाण म्हणून पाहू शकतो. १९२९ च्या दुरुस्तीने ही गोष्ट पक्की केली. अट वेगळ्या कागदावर किंवा नुसती तोंडी असेल, तर तो व्यवहार सरळ विक्रीचा. पाच लाखांच्या नडीसाठी तीस लाखांच्या घराचे खरेदीखत करून दिले आणि “पैसे आण, घर घेऊन जा” एवढ्या शब्दावर विश्वास ठेवला, तर घराची आजवरची वाढ आणि पुढची वाढ दोन्ही त्याच दिवशी हातची गेली. भाव जितका चढतो तितका समोरच्याला शब्द मोडण्याचा मोह वाढतो. आज पाच लाखांसाठी इमान न सोडणारा माणूस उद्या पन्नास लाखांसाठी सोडणार नाही, याची हमी कोण देणार?

खरे गहाण असेल तर कायदा कर्जदाराच्या बाजूने भक्कम उभा राहतो. गहाण सोडवण्याचा हक्क करारात काहीही लिहून हिरावून घेता येत नाही. त्यासाठी दावा करण्याची मुदत ३० वर्षांची आहे. ताबेगहाणाबाबत तर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली असा निकाल दिला की केवळ ३० वर्षे उलटली म्हणून पैसे देणारा मालक होत नाही. विनापरवाना सावकाराने घर-जमीन लिहून घेतली असेल तर महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, आणि पंधरा वर्षांपर्यंतच्या व्यवहारांची चौकशी होऊन मालमत्ता परत मिळू शकते. वडिलांच्या काळातले कागद पेटीत पडून असतील त्यांनी ते एकदा जाणकार वकिलाला जरूर दाखवावेत.

भावाचे पाच लाख

आपल्या समाजात बँकेपेक्षा नात्यातल्या पैशांवर जास्त घरे उभी राहतात. ही मोठी बरकतीची गोष्ट आहे, आणि मोठ्या भांडणांचे मूळही हीच आहे. समजा, २५ लाखांच्या घराला धाकट्याने ५ लाख दिले. वीस वर्षांनी घर ६६ लाखांचे झाले. आता धाकट्याचे किती? थोरला म्हणतो पाच लाख. धाकटा म्हणतो पाचवा हिस्सा, म्हणजे सव्वातेरा लाख. दोघेही खोटे बोलत नाहीत. देताना कुणी काही ठरवलेच नव्हते.

ते पैसे कर्जे-हसना असतील तर पाचाचे पाचच परत येतात आणि वाढ सगळी थोरल्याची. थोरल्याने अशा वेळी भावाने किती मोठा त्याग केला हे ओळखून लवकर फेड करावी. आधी अट न घालता, फेडताना राजीखुशीने काही जास्त दिले तर ती चांगुलपणाची फेड आहे, तिला शरीयतमध्ये जागा आहे. ते पैसे शिरकत असतील तर धाकटा वाढीतही भागीदार आणि घटीतही. मग त्याचे नाव दस्तावर आणि मालमत्ता पत्रकावर हवे. आणि ते हिबा म्हणजे बक्षीस असतील तर मागे काहीच मागायचे नाही. तिन्ही रस्ते स्वच्छ आहेत. देताना शिरकत आणि घेताना कर्ज, किंवा देताना कर्ज आणि घेताना शिरकत, हा चौथा रस्ता मात्र कोर्टाकडे जातो.

जगभरच्या इस्लामी वित्तसंस्था घरासाठी ‘घटती भागीदारी’ वापरतात. तीच पद्धत दोन भावांत किंवा चार मित्रांतही चालू शकते. २५ लाखांच्या घराचे दहा भाग केले, प्रत्येकी अडीच लाखांचे. दोन भाग राहणाऱ्याचे, आठ भाग भागीदाराचे. राहणारा भागीदाराच्या भागांचे भाडे देतो आणि दर वर्षअखेरीस एक भाग विकत घेतो. भागाची किंमत मूळ अडीच लाखच धरली तर आठ भागांचे २० लाख होतात. दर वर्षीच्या बाजारभावाने धरली आणि भाव ५ टक्क्यांनी वाढला, तर तेच आठ भाग सुमारे २५ लाखांना पडतात. पाच लाखांचा फरक एका अटीत आहे. मूळ किमतीची अट आधीच घातली तर ती भांडवलाची हमी ठरून भागीदारीच्या उसुलाला बाधा येते, असे अनेक जाणकार मानतात. म्हणून कागद करण्यापूर्वी आलिम आणि वकील या दोघांचाही सल्ला घ्यावा, आणि किंमत कशी ठरवायची, कुणी ठरवायची, हे त्यातच लिहावे.

धंद्यासाठी घर

भाव वाढला की बँकेचा माणूस स्वतः येऊन सांगतो, तुमच्या घराची किंमत आता दुप्पट झाली, कर्जाची मर्यादा वाढवून घ्या. धंदेवाल्याला हा मोह फार मोठा. पण घराची किंमत वाढल्याने दुकानाची विक्री वाढलेली नसते. इचलकरंजीचे माग थंडावले, २०२० सारखी टाळेबंदी आली, सणाचा माल पुरात भिजला, तर हप्ता कुठून येणार? कर्ज फेडायचे ते धंद्याच्या गल्ल्यातून. ज्या कर्जाची फेड घर विकूनच होऊ शकते, ते कर्ज म्हणजे घराची हप्त्याहप्त्याने केलेली विक्री समजावी. मालक मय्यत झाल्यावर तर वारसांच्या वाटणीच्या आधी कर्ज फेडावे लागते. मुलींचा, विधवेचा हक्क त्यानंतर येतो. वाढलेल्या किमतीवर काढलेले प्रत्येक नवे कर्ज त्यांच्याच हिश्श्यातून जाते, हे सही करताना आठवावे.

काय करावे?

कुरआन शरीफच्या सूरह बकरामध्ये, २८२ व्या आयतीत, मुदतीचा उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार घेण्याचा हुकूम आहे. त्याच्या पुढच्या आयतीत रहन म्हणजे तारणाचा उल्लेख आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः मदीन्यातील एका ज्यूकडून जव उधार घेऊन आपले चिलखत तारण ठेवले होते, असे हदीसमध्ये आहे. म्हणजे गहाण ठेवण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो न लिहिण्यात.

म्हणून आमची विनंती अशी की, नड कितीही मोठी असली तरी कर्जासाठी खरेदीखत करून देऊ नये. गहाणखतच करावे आणि ते नोंदवावे. नात्यातल्या पैशांवर एक पान का होईना, कर्ज की शिरकत की हिबा हे लिहून दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. फेड पूर्ण झाली की गहाणफेडीचा दस्त करून मालमत्ता पत्रकावरचा किंवा सात-बारावरचा बोजा त्याच महिन्यात उतरवावा. बँकेकडून मूळ कागद मागून घ्यावेत. १ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत ते परत देणे बँकांना बंधनकारक आहे आणि उशीर त्यांच्यामुळे झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई आहे.

कापड घेताना आपण ताग्याची मीटर न् मीटर मोजून घेतो, धागा डोळ्यांसमोर धरतो. आयुष्यात एकदाच होणाऱ्या घराच्या व्यवहारात तेवढीच नजर ठेवली, तर भाव चढल्यावर घरात भांडण येणार नाही. अल्लाह तआला आपल्या सर्वांच्या घरांत बरकत देवो आणि देण्याघेण्यात साफ राहण्याची तौफिक देवो. आमीन.